लेव्हलकाकांची आडवी रेघ

आमच्या इमारतीच्या फाटकाखाली कुणीतरी सोनं पुरून ठेवलंय आणि ते नेमकं कुठे आहे हे फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या लेव्हलकाकांना ठाऊक आहे, ही बातमी मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकत आले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणमावशी ती सांगताना तोंडातल्या टाचण्या सांभाळत आवाज खाली नेतात, "बाण आहे गं बाण. दगडावर कोरलाय. या डोळ्यांनी पाहिलंय मी त्यांना, पहाटे पहाटे हातात छिन्नी." आमचे सेक्रेटरी तीच बातमी घसा खाकरून सांगतात, "मुद्दा असा की, शहाणा माणूस उगाच दगड कोरत नाही." मला दोन्ही आवाज काढता येतात. शाळेत डबा खाताना मागणी येते तशी मी कधी टाचण्यांची तर कधी खाकरण्याची आवृत्ती सादर करते.

आता खरं काय ते. सोनं वगैरे काही नाही. बाण आहे, फाटकाच्या उजव्या दगडी खांबावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर. पण त्याचं टोक जमिनीकडे नाही, वर आहे. आणि टोकाच्या वर एक आडवी खाच आहे. खजिना पुरणारा माणूस बाण आभाळाकडे करेल का? पण अफवेला एवढा विचार परवडत नाही.

मलाही या बाणाचा अर्थ कळला तो इंग्रजीच्या बाईंमुळे. त्यांनी एक दिवस फळ्यावर 'बेंचमार्क' हा शब्द लिहिला. म्हणाल्या, ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची, तो बेंचमार्क. मग उदाहरण हवं म्हणून त्यांची नजर वर्गभर फिरली आणि माझ्यावर येऊन बसली. "उदाहरणार्थ, हिची मोठी बहीण. ती या शाळेचा बेंचमार्क होती." मी मान खाली घातली. ताईच्या नावाने मान खाली घालायचा मला इतका सराव आहे की तेवढ्यापुरतं मी बक्षीस आणू शकेन. बाई पुढे म्हणाल्या, हा शब्द मुळात आला कुठून ते उद्या शोधून या. मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, शेवटच्या बाकावरचे मार्क असतील.

मला शोधायला लांब जावं लागलं नाही. हा शब्द लेव्हलकाका मिठासारखा वापरतात. मी तीन जिने चढून गेले.

"बाक आहे, पण शाळेतलं नव्हे, मैना," काका म्हणाले. मैना म्हणजे मी. नकला करते म्हणून. त्यांनी पलंगाखालून एक लोखंडी तुकडा काढला, काटकोनात वाकवलेला. मला फाटकापर्यंत नेलं आणि तुकड्याची एक कड त्या आडव्या खाचेत बसवली. ती बरोबर बसली, आणि दुसरी बाजू फळीसारखी बाहेर आली. "हे झालं बाक. यावर मोजायची पट्टी उभी करायची. तुकडा काढून घेतला तरी खूण राहते. पुढच्या वर्षी या, दहा वर्षांनी या, पट्टी त्याच जागी बसणार, केसभर वर नाही की खाली नाही. मोजणीवाले दगडात अशा खाचा पाडायचे. बाकाची खूण, म्हणून बेंचमार्क. खाली बाण एवढ्यासाठी की, बाबांनो, रेघ इथे आहे, शोधत बसू नका."

"मग बाई म्हणतात तो तुलनेचा अर्थ?"

"तो नंतर चिकटला. टेकडी उंच म्हणतेस, तर कशाच्या मानाने? काहीतरी एक जागचं हलत नाही असं धरावं लागतं, तेव्हा बाकीच्याची उंची काढता येते."

'कशाच्या मानाने' हे काकांचं पेटंट. माझ्या त्यांच्या नकलेत पहिलं वाक्य तेच असतं, आणि ते बोलताना डावी भुवई वर न्यावी लागते. आमटीत मीठ जास्त झालंय असं काकू स्वतःच म्हणाल्या तरी हे विचारणार, कशाच्या मानाने? काकू म्हणतात, "तुमच्या डोक्याच्या मानाने. तिथे काहीच नाही मिठाचं." पाहुणे म्हणाले, काय उकडतंय हो. कशाच्या मानाने? पाहुणे पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातात.

काकांची सुरुवात पट्टी धरणारा पोऱ्या म्हणून झाली. मोजणीच्या टोळीत एक साहेब तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचा, आणि लांबवर एक पोरगा लाल-काळे आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहायचा. तो पोरगा म्हणजे काका. पट्टी धरणाऱ्याने बोलायचं नाही, खाजवायचं नाही, फक्त पट्टी हळूच पुढे-मागे झुलवायची. पट्टी तिरकी झाली की आकडा मोठा दिसतो. झुलवता झुलवता सगळ्यात लहान जो आकडा येईल तो खरा, कारण त्या क्षणी ती सरळ उभी असते. काका सांगतात, की लग्नाच्या बोलणीच्या वेळी ते काकूंसमोर तसेच पुढे-मागे झुलत होते. काकू म्हणतात, "मला वाटलं, मुलाला चक्कर येतेय. म्हटलं, पाणी द्या हो कुणीतरी." पुढे ते स्वतः दुर्बिणीमागे गेले, कालवे, रस्ते, पूल सगळं मोजलं, आणि एक दिवस निवृत्त होऊन या इमारतीत आले. आले त्या आठवड्यात त्यांनी दोन रेघा कोरल्या, एक फाटकाच्या खांबावर आणि एक इमारतीच्या कोपऱ्यावर, दोन्ही एकाच पातळीत. मनाला बरं वाटतं म्हणून. काही माणसं तुळस लावतात, काकांनी रेघा लावल्या.

आमच्याकडे त्या रेघांचं कौतुक कुणालाच नव्हतं, जिन्यातल्या भिंतीला तडा जाईपर्यंत.

तडा तळमजल्यावर सुरू होऊन पहिल्या मजल्याकडे गेला होता, आणि तळमजल्यावर आमची बेकरी आहे. म्हणजे पुढे छोटं दुकान, मागे बाबांची भट्टी, आणि भट्टीच्या वरच्या खोल्यांत आम्ही. भट्टी विटांची, आजोबांच्या हातची. हिवाळ्यात आमच्या फरशीला पाय लावला की मोजे लागत नाहीत. तडा पाहून शिंपीणमावशी म्हणाल्या, "इमारत खचतेय." सेक्रेटरी म्हणाले, "मुद्दा असा की, कशामुळे खचतेय." आणि सगळ्यांनी भट्टीच्या दिशेने पाहिलं. एवढं वजन, एवढी धग, रात्रंदिवस. कुणी वाईट बोललं नाही. सकाळी पाव घेताना फक्त जरा कमी गप्पा मारायला लागले, आणि ते जास्त लागलं.

"लेव्हलकाकांना विचारू," बाबा म्हणाले. बाबा मुळात बोलतात कमी. त्यांची नक्कल करायची म्हणजे हात झटकायचे आणि "बघू" म्हणायचं, संपलं.

काकांनी आपली दुर्बीण काढली, जिच्या 'लेव्हल' या नावावरून त्यांना लेव्हलकाका म्हणतात. इमारतीतली झाडून सगळी माणसं गोळा झाली, कारण जुनी दुर्बीण आहे, तिच्यातून माणसं उलटी दिसतात, आणि सेक्रेटरींना डोक्यावर उभं पाहायची संधी कोण सोडेल. मी पट्टी धरली. आधी फाटकाच्या खांबावर लोखंडी बाक लावून, मग इमारतीच्या कोपऱ्यावर. काकांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा.

"खाली आहे," ते म्हणाले. "इमारतीची रेघ करंगळीच्या पेराएवढी खाली गेलीय."

"कशाच्या मानाने?" काकूंनी विचारलं. कुणी हसलं नाही.

"फाटकाच्या."

सेक्रेटरींनी रविवारी संध्याकाळी सभा ठेवली. विषय एकच, भट्टी काढायची की नाही. टेबल सरकवतात, कपाट हलवतात, भट्टीचं तसं नसतं. ती एकदा पाडली की विटांचा ढीग होतो, आणि ढिगात पाव भाजता येत नाहीत. बाबांनी पुढच्या आठवड्याच्या ऑर्डरी घेणं थांबवलं. कुणी विचारलं की म्हणायचे, बघू. आई दुकानात बरण्या पुसत राहायची, पुसलेल्याच बरण्या पुन्हा. ताईने शिकायला गेलेल्या गावाहून फोन केला आणि म्हणाली, "तू तरी बाबांना हसव." मला आयुष्यात पहिल्यांदा ताईइतकं हुशार व्हावंसं वाटलं. कसं हसवायचं तेवढं मला सुचत नव्हतं.

शनिवारी मी पाव द्यायला वर गेले, तर काकांचा चेहरा बाबांपेक्षाही पडलेला. खिडकीशी बसून होते. ज्यांच्याकडचा पाव इतकी वर्षं खाल्ला त्यांच्या भट्टीवर आपल्या तोंडाने घाव घातला, हे त्यांना खात होतं. काकूंनी मला डोळ्याने खूण केली, काहीतरी कर बाई. मला एकच गोष्ट करता येते. मी पीठवाल्याचा आवाज काढला. हा मनुष्य रोज सकाळी हातगाडीवरून पिठाची पोती आणतो, आणि फाटकापासूनच त्याची सुरुवात होते, नाकातून:

"काय हो बेकरीवाले, तुमचं फाटक लई नखरे करायला लागलंय. आधी कशी, नुसतं ढकललं की कडी आपोआप पडायची. आता उजवं पान दाबा, डावं उचला, वर लाडीगोडी लावा, तेव्हा कुठे बाईसाहेब बसणार. सासरी आलीय की काय ही कडी?"

काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यांची भुवई वर गेली.

"परत म्हण."

"सासरी आलीय की काय..."

"ते नव्हे. त्याच्या आधीचं."

"उजवं पान दाबा, डावं उचला."

"हा हे कधीपासून बोलतोय?"

"वर्षभर तरी. आधी तो फक्त पिठाच्या भावाला शिव्या द्यायचा."

काका उठले. गुडघा दुखतो म्हणून एरवी ते जिन्यावर प्रत्येक पायरीशी गप्पा मारत उतरतात. त्या दिवशी भरभर उतरले, मी मागे. फाटकाची दोन्ही पानं त्यांनी मिटवली. उजव्या पानाची कडी डाव्याच्या भोकाच्या वर येत होती. करंगळीच्या पेराएवढी. मग ते उजव्या खांबाच्या मागे गेले. तिथे मोठं झाड आहे, आम्ही त्याला सायकली टेकवतो. झाडाचं एक मूळ, बाबांच्या दंडाएवढं, जमिनीतून निघून सरळ खांबाच्या बुडाशी गेलं होतं. आजूबाजूच्या फरश्या पांघरुणाखाली कुणी गुडघा वर करावा तशा उचलल्या गेल्या होत्या.

"हं," काका म्हणाले.

काकांचे 'हं' चार-पाच प्रकारचे आहेत. हा मी ऐकला नव्हता.

"म्हणजे इमारत खाली नाही गेली? फाटक वर आलंय?" मी विचारलं.

"नुसतं दिसतंय म्हणून म्हणायचं नाही. एकदा तेच केलं. उद्या सकाळी पुलावर जायचंय. पट्टी तू धरशील, आणि तोंड बंद ठेवशील."

ओढ्यावरच्या जुन्या दगडी पुलाला मोजणीवाल्यांची एक खूप जुनी रेघ आहे, आणि दुसरी टपाल कचेरीच्या पायथ्याला. आमच्या दोन रेघा कोरल्या तेव्हा काका पुलापासूनच पातळी आणत आले होते. पुलाची रेघ आमच्या रेघांहून किती खाली, तो आकडा त्यांना तोंडपाठ. काकू म्हणाल्या, "माझा वाढदिवस सांगा म्हणावं." काकांनी काकूंचा महिना बरोबर सांगितला.

रविवारी उजाडल्या उजाडल्या आम्ही निघालो. आधी पूल आणि टपाल कचेरी एकमेकांशी ताडून पाहिली. दोघांचं एकमत होतं. मग पुलापासून टप्प्याटप्प्याने घराकडे. तिपाई उचला, पुढे रोवा, मागे बघा, पुढे बघा. मी पट्टी झुलवत होते आणि ओठ दाताखाली धरून होते. तुम्ही कधी बोलायचं नाही असं ठरवून बाजारातून चालून बघा. भाजीवाली, सायकलवाला, कुत्र्याला 'इकडे ये राजा' म्हणणारे आजोबा, एवढे आवाज फुकट चालले होते.

शेवटी इमारतीचा कोपरा. काकांनी आकडा घेतला, हिशेब तोंडातल्या तोंडात केला. मग फाटकाचा खांब.

"बोल आता," म्हणाले. "इमारत होती तिथेच आहे. तसूभर हललेली नाही. खांब चढलाय."

मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण स्वतःच्या आवाजात बोलले असावे, कारण पलीकडच्या रस्त्यावरचं एक कुत्रं उठून गेलं.

काका तिपाई मिटत होते. "टोळीतल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी एकच सांगायचो," ते म्हणाले. "एका खुणेवर विसंबू नका, निदान तीन बघा. आणि स्वतःच्या दारात मी एकीवर निकाल दिला. का, तर ती मी कोरलेली." पुलाची वाट लांब, गुडघा दुखरा, हेही होतंच. पण ते त्यांनी म्हटलं नाही.

"मग सभेत काय सांगणार?"

त्यांनी तिपाईचा मिटलेला पाय पुन्हा उघडला आणि पुन्हा मिटला. तेव्हा मला दिसलं की इथेच खरी गोम आहे. सेक्रेटरींसमोर दोन वाक्यं शक्य होती. एक, आता पुन्हा मोजलं, खचणं थांबलंय. त्यात काकांची अब्रू शाबूत, पण भट्टीवरचा संशय तसाच. दुसरं वाक्य छोटं होतं, आणि त्याने भट्टी सुटणार होती.

"तुम्ही 'चुकलो' म्हणणार नाही," मी म्हणाले. मी त्यांची नक्कल किती वर्षं करतेय. त्यांच्या आवाजातला प्रत्येक शब्द माझ्याकडे जमा आहे, हा नव्हता. "मला तो आवाज येतच नाही, कारण तो तुम्ही कधी काढलाच नाही."

"पैज?"

"पैज. नाही म्हणालात तर दुर्बीण माझी."

"आणि म्हणालो तर पूर्ण सुट्टीभर रोज सकाळी, भट्टीतले पहिले आठ पाव, गरम, तिसऱ्या मजल्यावर. तू आणायचे. बाबांना पाठवायचं नाही."

मी हात पुढे केला. ते वाक्य ते म्हणावेत म्हणून मी मनात हात जोडले होते आणि ते म्हणणार नाहीत यावर पैज लावत होते. असं करणारी माणसं असतात, मी एक आहे.

सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. बाबा दुकानाच्या दारात उभे, हाताला पीठ तसंच. आई त्यांच्या मागे, फडकं हातात. सेक्रेटरींनी घसा खाकरला. "मुद्दा असा की, सुरक्षितता आधी. भट्टीबद्दल कुणाच्या मनात काही नाही, परंतु..."

"जरा थांबा," काका म्हणाले आणि उभे राहिले. एक हात पट्टी धरल्यासारखा, शरीर हळूच पुढे-मागे. "मी चुकलो. इमारत खचलेली नाही. झाडाच्या मुळाने फाटकाचा खांब उचललाय आणि मी त्या खांबाला प्रमाण मानून बसलो. चूक माझी, भट्टीची नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी फाटक मिटवून बघा, आणि मग माझ्याबरोबर पुलापर्यंत चला."

शिंपीणमावशींनी विचारलं, "मग तडा?"

गवंडी आधीच बोलावून ठेवला होता, तेही काकांनीच. त्याने सगळ्यांसमोर तड्याकाठचा गिलावा खरवडला. आतल्या विटा अखंड, एकमेकींना धरून. जुना गिलावा आणि नवा गिलावा जिथे भेटले होते तिथे त्यांचं पटलं नव्हतं, एवढंच. "आमच्यातही असंच होतं," गवंडी म्हणाला, "वरवरचं."

सेक्रेटरी स्वतः फाटकापर्यंत गेले, कडी खालीवर करून आले, वाकून मूळ पाहिलं. म्हणाले, "मुद्दा असा की, मुद्दा उरला नाही." आणि त्या माणसाला मी पहिल्यांदा स्वतःच्या विनोदावर हसताना पाहिलं.

बाबा मागे सरकत सरकत पिठाच्या पोत्यावर बसले. आईने फडकं खांद्यावर टाकलं आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, केसात पीठ होतं ते आणखी पसरलं. काका आत आले, बाबांसमोर उभे राहिले. बाबा काहीतरी म्हणतील म्हणून मी कान टवकारले. बाबा म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

"आजच्या पुरता छान," काका म्हणाले.

पोत्यावर दोघांना जागा होती. दोघंही बसले. मग बाबांनी वर न बघता मला विचारलं, उद्याच्या ऑर्डरीचे फोन कुणाकुणाचे आले होते, आठवतंय का. मला सगळे आठवत होते, आवाजासकट. मी एकेक करून म्हणून दाखवले आणि तिसऱ्या फोनाला बाबा हसले, पोट धरून, पीठ उडेपर्यंत.

सुट्टी सोमवारी लागली. पहाटे भट्टी उघडली तेव्हा आई म्हणाली, हरलीस ना, चल, ऊठ. बाबांनी पहिले आठ पाव फडक्यात बांधून दिले आणि मी तीन जिने चढले, एका हातातून दुसऱ्या हातात गाठोडं फेकत, कारण चटका बसत होता. काकूंनी दार उघडलं. काका टेबलाशी तयारच बसले होते, चहा ओतून. त्यांनी फडकं सोडलं, आत बघितलं, मग माझ्याकडे.

"सहा आहेत."

"पैजेत जिन्याचं काही ठरलं नव्हतं," मी म्हणाले, तोंडात पाव असताना जेवढं म्हणता येतं तेवढं.